म्हादबाची तांबडी ट्यूब

पंक्चर झालेली सायकल ढकलत येणारा माणूस आधी दुकानाकडे बघत नाही, दुकानाच्या आसपासच्या जमिनीकडे बघतो. खिळे पेरलेत का ते. सारोळ्याला नीरेच्या पुलाच्या अलीकडे, सडकेच्या कडेला करंजाच्या झाडाखाली माझं दुकान होतं, आणि ती नजर न फिरवता आलेलं गिऱ्हाईक मला आठवत नाही. काही जण तर पायानं माती उकरूनही बघायचे. मी घमेल्यात पाणी ओतायचो आणि कामाला लागायचो.

पुण्याच्या एका दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातल्या आठवणी लिहून मागितल्या तेव्हा मला पहिल्यांदा त्यांचाच संशय आला. पंक्चरवाल्याच्या आठवणी कोण वाचणार? चेष्टा करत असतील. मग त्यांचा माणूस घरी येऊन बसला, चहा प्याला, तरी मी त्याला उलटसुलट विचारून घेतलंच. आयुष्यभर लोकांनी माझ्या हाताकडे डोळे लावून काम करून घेतलं. अशानं माणूस सरळ कसा राहील?

धंदा तसा सांगायला सोपा. लिव्हरनं टायर रिमवरून उतरवायचा, आतली ट्यूब काढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची. बुडबुडे येतील तिथं भोक. ट्यूब पुसून ती जागा कानशीनं घासून खरबरीत करायची. तिथं आणि ठिगळाला रबराचं सुलेशन लावायचं आणि मग थांबायचं. सुलेशन बोटाला चिकटेनासं झालं की ठिगळ बसवून दाबायचं. हे मधलं थांबणं गिऱ्हाइकाला सोसत नाही. हा मुद्दाम वेळ काढतोय, असं त्याला वाटतं. घाई केली तर ठिगळ दुसऱ्या दिवशी सुटतं, आणि मग तोच माणूस म्हणतो की परत यावं म्हणून मुद्दाम कच्चं काम केलं. आमच्या भागात मोठा वैरी म्हणजे सराट्याचा काटा. बाभळीचा काटा निदान दिसतो तरी. सराटा टायरात मोडून बसतो, आणि आतून बोट फिरवल्याशिवाय सापडत नाही. बोटाला टोचला की सापडला. माझ्या उजव्या हाताच्या बोटांना त्यामुळे कायम चरे असायचे.

भोरहून संस्थानच्या कचेरीतले एक कारकून यायचे, ते सोबत पाणी आणायचे. मी माझ्या पाण्यात काहीतरी कालवतो आणि त्यामुळे चांगल्या ट्यूबेतूनही बुडबुडे निघतात, अशी त्यांची पक्की समजूत. पाणी आणायचे पितळी तांब्यात. तांब्यात ट्यूब बुडणार कशी? मग वीत वीत ट्यूब तांब्याच्या तोंडात दाबत आम्ही दोघं उकिडवे बसायचो, आणि सडकेनं जाणारे लोक थांबून बघायचे. वेल्ह्याकडचे एक शाळामास्तर होते. तोरण्याच्या पायथ्याच्या त्या वाटा अशा की मास्तर सायकलवर कमी आणि सायकल मास्तरांच्या खांद्यावर जास्त. ते चहाला उठताना सायकलीची सीट काढून काखेत मारून जायचे, मी सायकल पळवू नये म्हणून. हॉटेलात ती सीट शेजारी ठेवून चहा प्यायचे. माणूस सज्जन होता. पण त्यानं एकदाही माझ्याकडे पाठ केली नाही, हेही तितकंच खरं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. जर्मन-जपानची लढाई लांबली आणि रबर मिळेनासं झालं तेव्हा मात्र त्यातलं हसू गेलं. नवी ट्यूब डोळ्यांना दिसेना. पुण्याहून येणारा माल बंद झाला. कुणी टायरात पेंढा कोंबून सायकल चालवी, कुणी चिंध्या भरी. जुन्या ट्यूबेलाही सोन्यासारखं जपायचे दिवस आले, आणि त्याबरोबर एक नवीन बोलणं सडकेनं फिरायला लागलं. पंक्चरवाले चांगली ट्यूब काढून घेतात आणि ठिगळांची ट्यूब आत घालून देतात, असं. करणारे करतही असत. मी त्यांच्यातला नव्हतो, पण हे कुणाला आणि कसं पटवणार? टायर बंद झाला की आत कुणाची ट्यूब आहे ते देवालाही दिसत नाही.

लोकांनी मग ट्यूबांना खुणा करायला सुरुवात केली. कुणी हवा भरायच्या नळीच्या बुडाशी दोरा गुंडाळी, कुणी शाईनं अक्षर काढी. आणि खूण काय केली ते कुणी कुणाला सांगत नसे. मला तर नाहीच. सायकल न्यायला आले की ते टायर थोडा उचकटून आत डोकावायचे, हुं म्हणायचे आणि जायचे. ते हुं ऐकू येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा.

आता म्हादबाकडे येतो. म्हादबा म्हणजे भोंगवलीचा महादू परीट. मीही भोंगवलीचाच, रोज सायकलनं सारोळ्याला येऊन दुकान मांडायचो, त्यामुळे आमची ओळख लहानपणापासूनची. माझ्याहून वयानं थोडा वडील, बोलायला कमी. गावातल्या सगळ्या घरांचे कपडे तो आणि त्याची बायको तानूबाई धूत. त्या काळी नीरेच्या पलीकडे साहेबलोकांच्या मुक्कामाचा एक बंगला होता, आणि तिथल्या कपड्यांचं काम म्हादबाला मिळालं होतं. सकाळी पलीकडून गाठोडं आणायचं, पुलाखाली नदीवर धुवायचं, वाळवायचं, घरी नेऊन इस्त्री करायची आणि दुसऱ्या दिवशी पोचतं करायचं. डोक्यावर गाठोडं घेऊन हे जमण्यासारखं नव्हतं. त्यासाठी त्यानं जुनी सायकल घेतली होती. सायकल बंद पडली तर बंगला सुटणार, हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

त्याच्या मागच्या चाकात तांबड्या रबराची ट्यूब होती. तेव्हा काळ्याबरोबर तांबड्या ट्यूबाही यायच्या आणि त्या जास्त टिकतात असा लोकांचा समज होता. म्हादबाची तर जवळजवळ बिनठिगळाची होती.

एक दिवस तो आला आणि म्हणाला, "मिस्तरी, हवा टिकंना झालीया. सकाळी भरली तर दुपारपातूर चाक बसतंय."

मी नळीतलं रबर बदललं. दोन दिवसांनी तो परत हजर. मी ट्यूब काढून पाण्यात धरली तर काही सापडेना. त्याला हवा भरून दिली. तो पुन्हा आला. आता मला वाटायला लागलं की याचा काहीतरी बेत आहे. हवा हाच सोडत असेल आणि शेवटी म्हणेल, ट्यूब बिघडवलीत, दुसरी द्या. त्याला काय वाटत होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चाकाकडे न बघता तो माझ्या ट्रंकेकडे बघायचा. ट्रंकेत मी लोकांच्या मोडीत निघालेल्या ट्यूबांचे तुकडे ठेवायचो.

पुढच्या खेपेला तो सायकल माझ्यापाशी ठेवून नदीवर कपडे धुवायला गेला. मी ट्यूब काढून तिच्यात नेहमीपेक्षा जास्त हवा भरली आणि पाण्यात सावकाश फिरवली. तेव्हा एका जागी अगदी बारीक, मोहरीएवढे बुडबुडे वर आले. तिथं रबर मऊ पडलं होतं, चिकट झालं होतं आणि त्यावर एक काळा डाग होता. सडकेवर नुकतंच डांबर पडलं होतं, त्यातलंच असेल असं मला वाटलं. तो डाग मी कानशीनं घासघासून काढला, अंगठ्यानं पुसला, पुन्हा घासला. खालचं तांबडं रबर दिसेपर्यंत घासला. डागावर ठिगळ बसत नाही, तो काढावाच लागतो. मग नीट ठिगळ लावलं, टायर चढवला. म्हादबा ओले हात पुसत आला, चाक अंगठ्यानं दाबून बघितलं आणि गाठोडं लादून गेला. त्या दिवशी त्यानं आत डोकावून बघितलं नाही.

दुसरा दिवस बाजारचा. सडकेवर भोंगवलीची, आजूबाजूच्या वाड्यांची माणसं, बैलगाड्या, गर्दी. म्हादबा चाक बसलेली सायकल ढकलत आला. मी उठून सायकल घ्यायला गेलो तर त्यानं हातानं थांबवलं. माझी लिव्हर उचलली, खाली बसला आणि टायर स्वतः उतरवला. मग ट्यूब बाहेर काढून दोन्ही हातांच्या बोटांतून सावकाश ओढत गेला. परीट धोतराच्या काठावरची खूण शोधतो ना, तसा. एक फेरा झाला. दुसरा फेरा केला. माझ्या ठिगळाची एक कड सुटून वर आली होती, त्यावरून त्याचं बोट दोन्ही वेळेला गेलं.

"ही ट्यूब माझी न्हाई," तो म्हणाला.

"म्हादबा, हितं तांबडी ट्यूब दुसऱ्या कुणाची हाय?"

"असत्यात लई. माझीला खूण व्हती."

"काय खूण व्हती?"

"ती सांगायची व्हय? सांगितली की तुमी उद्याच्याला तशी करून ठिवाल."

आवाज चढवला नव्हता त्यानं. पण बाजारच्या दिवशी एवढंही पुरतं. माणसं गोळा झाली. कुणीतरी जाऊन पाटलांना घेऊन आलं. करंजाखालची जागा पाटलांची. त्यांच्या तोंडच्या शब्दावर मी तिथं बसत होतो. त्यांनी म्हादबाला बाजूला घेऊन खूण विचारली. म्हादबानं मान हलवून नकार दिला. त्याला पाटलांचाही भरवसा वाटेना.

"त्याच्या हातनं कंदी कुणाचं फडकं बदललं न्हाई," पाटील मला म्हणाले. "परीट मानूस खुनंला चुकत न्हाई. पुढल्या बाजारापातूर त्याची ट्यूब त्याला दे. न्हाई दिलीस तर हितलं बस्तान हलीव."

"माझ्यापाशी न्हाईच तर देऊ कुठनं, पाटील?"

"ते तुजं तू बग."

म्हादबानं ट्यूब माझ्या घमेल्यात टाकली, "ही तुमची तुमाला," म्हणाला आणि उघडं चाक तसंच ढकलत पुलावरून गेला. गाठोडं त्यानं डोक्यावर घेतलं होतं.

तो आठवडा मी विसरलेलो नाही. लोक पंक्चर सायकली माझ्यासमोरून ढकलत पुलापलीकडे न्यायला लागले. कारकूनसाहेब तर तांब्यासकट पुढं निघून गेले. मी एकटा बसून सगळ्यांवर संशय घेत होतो. म्हादबानं ट्यूब स्वतःच कुणाला विकली असेल. हॉटेलवाल्याला माझी जागा हवी असेल. पुलापलीकडच्या पंक्चरवाल्यानं त्याला पढवलं असेल. घमेल्यातली ती ट्यूब मी काढून शंभर वेळा बघितली. ठिगळ सोलून काढलं, खालच्या जागेवर बोट फिरवलं. रबर तिथं आणखीच फुगल्यासारखं, ओलसर झालं होतं. रबराला असलं काही झालेलं मी तोवर बघितलं नव्हतं. पण ट्यूब म्हादबाचीच होती, तेवढं मी शपथेवर सांगू शकत होतो. माझ्या शपथेला विचारत होतं कोण?

मग हाताला खाज सुटली. आधी अंगठा, मग बोटं. सकाळी उठलो तर हात सुजून टम्म झालेले आणि अंगठ्यावर, बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड. आमच्या मंडळींनी हात उजेडात धरला आणि म्हणाल्या, "ह्यो बिब्बा उतलाय. कुठं हात घातला व्हता?"

बिब्बा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. डोंगरातल्या झाडाची काळी बी, टोचली की आतून काळं तेल निघतं. ते औषधालाही वापरतात आणि नुसतं अंगाला लागलं तर असं उततं.

"म्या बिब्ब्याला शिवलोबी न्हाई," मी म्हणालो.

"आता मला तरी खरं सांगा," त्या म्हणाल्या. घरातसुद्धा माझ्या बोलण्यावर विश्वास उरला नव्हता. मला फार लागलं ते. रागानं हात सोडवून घेतला आणि बाहेर येऊन बसलो.

बसल्या बसल्या डोक्यात फिरायला लागलं. काळं तेल. काळा डाग. घासून काढलेला, अंगठ्यानं पुसलेला. आणि बिब्ब्यानं खूण करणारं माणूस गावात कोण? धुवायला गेलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्याला बिब्ब्याचा ठिपका असतो. कुणाला एक, कुणाला दोन, कुणाला फुली. हजार वेळा धुतलं तरी तो जात नाही. त्यावरच तर परटाचा सगळा कारभार चालतो. म्हादबानं कपड्याला करतात तशी ट्यूबेला खूण केली होती, आणि ती मीच कानशीनं घासून काढली होती.

मी तसाच उठून नदीवर गेलो. म्हादबा खडकावर कपडे आपटत होता, तानूबाई वाळत घालत होती. मला बघून म्हादबानं तोंड फिरवलं. मी दोन्ही हात पुढं केले.

तानूबाईनं हातातलं धोतर खाली ठेवलं. "अगं बाई. बिब्बा उतला की ह्यास्नी. कुठं लागला?"

"तुमच्या ट्यूबेला लागला, वैनी," मी म्हणालो. "खुनंवर भोक व्हतं. घासल्याबिगार ठिगळ बसंना. म्हून घासली."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. म्हादबाचा हात थांबला होता. "एकच ठिपका क्येला व्हता," ती मला म्हणाली. "म्याच क्येला. सुईनं. कापडावर वर चुना लावावा लागतो, म्हंजी बिब्बा मरतो. पर रबरावर चुना बसंना, गळून पडाया लागला. म्हून नुसताच लावला."

"त्या नुसत्यानंच खाल्लं रबर," मी म्हणालो. "आतलं त्याल मुरलं. हवा तिथनंच जात व्हती. माझं ठिगळबी त्यानंच सुटलं."

म्हादबा खडकावर बसला. मला वाटलं आता हा म्हणेल, चुकलं, चला पाटलाकडं. तो म्हणाला, "मिस्तरी, ह्ये म्या चार लोकांत बोललो तर फुडं काय व्हईल, ठावं हाय का तुमास्नी?"

मला ठाऊक नव्हतं. त्यानं सांगितलं तेव्हा कळलं. परटाच्या बिब्ब्यानं जाडं रबर खाल्लं, हे लोकांच्या कानावर गेलं की उद्या ज्याचं त्याचं फाटकं धोतर, विरलेला सदरा म्हादबाच्या दारात येणार. ह्ये भोक तुज्या बिब्ब्याचं, म्हणणार. मी चोर नाही हे सांगायला त्याला स्वतःचा धंदा संशयात घालावा लागणार होता. चुना लावलेला बिब्बा कापडाला काही करत नाही, हे तानूबाईला माहीत होतं. पण लोक चुन्याचं थोडंच ऐकून घेणार होते?

"तीळ-खोबरं वाटून लावा हाताला," तानूबाई मला म्हणाली. तिचे डोळे मात्र नवऱ्यावरच होते.

"बगतो," म्हादबा म्हणाला.

बगतो म्हणजे नाही, असा अर्थ धरून मी परतलो. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न वाटेत दोनदा मनात आला आणि दोन्ही वेळा मी तो बाजूला सारला.

पुढल्या बाजारच्या दिवशी मी दुकान मांडलंच नाही. हाताला फडकी बांधलेली, पंप, घमेलं, ट्रंक सगळं एका गोणपाटावर जमवून बसलो. पाटील आले. माझे हात बघून त्यांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "ह्ये तू म्हनतोस. म्हादबा म्हनतो का?"

म्हादबा चालत आला. सायकल नव्हती. सोबत तानूबाई होती आणि तिच्या हातात बिब्ब्याची पुरचुंडी. तो गर्दीत शिरला आणि सगळ्यांदेखत पाटलांना म्हणाला, "ट्यूब माझीच हाय. ह्येंनी बदलली न्हाई. माझी खूण बिब्ब्याची व्हती, तिनंच ट्यूब खाल्ली. म्या नाहक ह्येंचं नाव घेतलं."

इतकं बोलून तो थांबला. घाम आला होता त्याला. मग भोंगवलीचाच एक शेतकरी हसत म्हणाला, "मंग माझ्या सदऱ्याला खांद्यापाशी भोक पडलं, ते कुनी खाल्लं रं?" माणसं हसली. दुसऱ्या एकानं तेच विचारलं, पण तो हसत नव्हता. तिसरा स्वतःच्या धोतराचा कोपरा उलटा करून बघायला लागला.

मी मध्ये पडलो. चुना लावला की बिब्बा मरतो, कापडाला काही होत नाही, रबराची गोष्ट निराळी, असं जमेल तसं सांगितलं. एक जण म्हणाला, "त्यानं तुला सोडीवलं, आता तू त्याला सोडीव." माझी पत म्हादबानं आत्ताच परत दिली होती, आणि त्यामुळेच ती त्याच्या उपयोगी पडेना. पाटील मला म्हणाले, "बस. धंदा कर." आणि निघून गेले.

मी ट्रंक उघडली. माझे हात चालत नव्हते, तेव्हा म्हादबाला समोर बसवला आणि म्हणालो, मी सांगतो तसं करा. त्यानं ट्यूबेचा तो सडका भाग कापून काढला. मोडीतल्या एका काळ्या ट्यूबेचा तुकडा घेतला, दोन्ही टोकं कानशीनं घासली, सुलेशन लावलं. मी थांबा म्हणालो तेव्हा तो थांबला. असा न कुरकुरता थांबणारा माणूस मी त्या एकाच दिवशी पाहिला. मग तांबड्याची टोकं काळ्यात सरकवून दाबून धरली. हवा भरून पाण्यात धरली तर एक बुडबुडा आला नाही. ती ट्यूब लढाई संपेपर्यंत चालली आणि म्हादबाचा बंगला टिकला.

गावातली घरं मात्र तशी टिकली नाहीत. बायका धुऊन आलेले कपडे उन्हाकडे धरून ठिपक्याभोवती भोक शोधायला लागल्या. जुनं लुगडं विरलं तरी बोट म्हादबाकडे. काही घरांनी कपडे घरीच धुवायला घेतले. शेवटी तानूबाईनं बिब्बा सोडला आणि खुणा दोऱ्यानं घालायला लागली. एकेका घराचा निराळा रंग, निराळा टाका. एका ठिपक्याला क्षण लागायचा, तिथं आता प्रत्येक कापडाला सुई घेऊन बसायचं आलं. दारात बसून ती टाके घालताना दिसली की मी सायकलवरून मान खाली घालून जायचो. तिनं मला कधी एक शब्द सुनावला नाही.

पुढं मी नवं धोतर घेतलं, तेव्हा ते घेऊन तिच्या दारात गेलो. "वैनी, ह्याला दोरा नगं. बिब्बा लावा."

तिनं वर बघितलं. चेष्टा करतोय की परीक्षा बघतोय, ते तिला कळेना. "कशापायी?"

"लोकांस्नी दिसू द्या."

तिनं आतून बिब्बा आणला, सुई टोचली, कोपऱ्याला एक ठिपका केला, वर चुना चोळला. म्हादबा शेजारी बसून बघत होता. बाजारच्या दिवशी तो कोपरा वरून दिसेल असा खोचून मी दुकानात बसायचो. कुणी विचारलंच तर सांगायचो. ऐकणारे ऐकायचे.

धोतर बरीच वर्षं चाललं. फाटलं तेही सायकलच्या साखळीत अडकून, मधोमध. बायकोनं त्याची फडकी केली, पण खुणेचा कोपरा मी आधीच कापून घेतला होता. तोवर म्हादबा थकला होता, सायकल मुलानं घेतली होती. मी तो तुकडा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "बगा म्हादबा, बाकीचं समदं गेलं, एवढंच धड ऱ्हायलं."

तो हसेल असं मला वाटलं होतं. त्यानं तुकडा दोन्ही हातांनी ताणून उन्हाकडे धरला आणि ठिपक्याच्या भोवती, अगदी जवळून, भोक शोधायला लागला. एका बाजूनं बघून झालं, मग उलटा करून बघितला. इतकी वर्षं त्यालाही खात्री नव्हती, हे मला तेव्हा कळलं. भोक सापडलं नाही. त्यानं तानूबाईला हाक मारून बाहेर बोलावलं आणि तो तुकडा तिच्या हातात दिला.